बूच, गोटी आणि पत्र्याचे झाकण

कोंबुचा घरी करणाऱ्यांचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात गोड चहा गार करून काचेच्या बरणीत ओततात, त्यात आधीच्या खेपेचा थोडा आंबट चहा आणि जिवाणू-यीस्टची जाड, बुळबुळीत चकती सोडतात आणि बरणीच्या तोंडाला स्वच्छ फडके बांधतात. लोणच्याच्या बरणीला घरोघरी बांधतात तो हा दादराच. आतल्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून झाकण लावायचे नाही. आठ-दहा दिवसांत चहा आंबट झाला की दुसरा टप्पा सुरू होतो आणि नियम उलटा होतो. पेय बाटलीत भरायचे, आल्याचा किंवा फळाचा रस घालायचा आणि झाकण घट्ट बसवायचे. उरलेली साखर यीस्ट खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि त्या वायूला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो पेयातच विरघळतो. कोंबुचाला फेस येतो तो या कोंडमाऱ्यातून.

पहिला टप्पा माणसाला फार लवकर जमला. धान्य, फळ, मध, ताडाचा रस यांतले काहीही ओले करून ठेवले की आंबते, हे शेती करणाऱ्या प्रत्येक समाजाला ठाऊक होते. दुसरा टप्पा जमायला मात्र काही हजार वर्षे गेली. वायूला धरून ठेवील अशी बाटली आणि त्या बाटलीवर टिकेल असे झाकण ही गेल्या साडेतीनशे वर्षांची कमाई आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याच्या आसपासचा मुलूख या कहाणीत दोनदा ठळकपणे येतो. एकदा दोन हजार वर्षांपूर्वी, आणि दुसऱ्यांदा जायकवाडी धरणाचे पाणी वाळूजच्या कारखान्यांना पोहोचल्यावर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक खलाशाने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेला ‘पेरिप्लस’ हा समुद्रमार्गाचा वृत्तान्त पैठणचे नाव घेतो. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीकासारखे दगड भडोचला जात, तेरहून कापड जाई. भडोचला उतरणाऱ्या परदेशी मालाच्या यादीत दारू आहे, आणि त्यातही इटलीच्या दारूला पसंती असल्याची नोंद त्या लेखकाने केली आहे.

ही दारू यायची ती अँफोरा नावाच्या मातीच्या उंच, दोन कानांच्या, निमुळत्या बुडाच्या रांजणांतून. एका रांजणात साधारण पंचवीस लिटर माल मावे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन थरांत भूमध्य समुद्राकडून आलेल्या अशा रांजणांचे तुकडे मिळाले. तेरलाही रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा भरपूर आहेत. दक्षिण इटलीत, व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात घडवलेल्या रांजणांच्या मातीत काळी ज्वालामुखी वाळू मिसळलेली असते, त्यामुळे असा तुकडा भारतात मिळाला तरी जाणकार तो चटकन ओळखतात. पुढे काही अभ्यासकांनी भारतात ‘रोमन’ म्हणून ठेवलेले तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतले बरेच आजच्या इराक-इराणच्या बाजूच्या, आतून डांबर फासलेल्या लांबट रांजणांचे निघाले. म्हणजे दख्खनला बंद भांड्यातली पेये एकाच दिशेने येत नव्हती. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, छतावर, पर्शियन वेशातला पुरुष हातात प्याला घेऊन बसलेला आहे. तो ज्या चित्रकाराने काढला त्याला असे परदेशी आणि त्यांचे पेय अपरिचित नसावे.

या रांजणांचे तोंड बंद करण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. आतून राळेचा किंवा डांबराचा लेप, कारण भाजलेली माती झिरपते. तोंडात बुचाची किंवा मातीची चकती. तिच्यावर चुन्याच्या गिलाव्याचा थर, आणि तो ओला असतानाच कधी कधी व्यापाऱ्याचा शिक्का. सारा बंदोबस्त हवा आत येऊ नये म्हणून होता, कारण हवा लागली की दारूचा शिरका होतो. आतून बाहेर रेटा येईल हे त्यात गृहीतच नव्हते. दारू पूर्ण आंबून निवल्यावरच तोंड बंद करायचे. अर्धी आंबलेली दारू अशा रांजणात भरली असती तर गिलावा उडाला असता किंवा रांजण तडकला असता.

मराठवाड्याची स्वतःची पेये बंद भांड्यात गेलीच नाहीत. ज्वारीच्या पिठाची आंबील रात्रभर मडक्यात आंबते, सकाळी ताक-मीठ-लसूण घालून प्यायली जाते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते तेव्हा आंबिलीचे मडके डोक्यावर घेऊन सगळे घर शेतात जाते, आणि त्या मडक्यावर झाकण असले तरी ते नुसते ठेवलेले असते. शिंदीचेही तसेच. झाडाला बांधलेल्या मडक्यात रात्री गोळा झालेला रस पहाटे गोड असतो. ऊन वर आले की तो आंबू लागतो, दुपारी फेसाळतो, दुसऱ्या दिवशी आंबट होऊन वाया जातो. त्यामुळे शिंदी जिथे निघाली त्याच पंचक्रोशीत संपायची. निजामाच्या राज्यात आबकारी हा सरकारी उत्पन्नाचा मोठा आधार होता, आणि त्यात शिंदीचा वाटा ठळक होता. कर बसायचा तो झाडावर आणि दुकानावर. ते पेय बाटलीत भरून दूर पाठवता येत नव्हते, म्हणून त्याचा व्यापार झाडाच्या आसपासच राहिला. एखादे पेय गावाबाहेर जाईल की नाही हे त्याच्या चवीपेक्षा त्याच्या झाकणावर ठरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

बंद नळीतल्या दाबाची जाण औरंगाबाद शहराला वेगळ्या वाटेने आली होती. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि सात-आठ वर्षांत तिला नहरीचे पाणी दिले. पुढच्या शतकात, १७४४ मध्ये पूर्ण झालेल्या पाणचक्कीला हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी येत असे. जमिनीखालच्या नळांत हवा अडकली, दाब वाढला, तर सांधे फुटतात. म्हणून या नहरींवर ठिकठिकाणी विटा-चुन्याचे मनोरे बांधले. पाणी त्यांत वर चढे, अडकलेली हवा निघून जाई आणि पुढच्या नळांवरचा ताण कमी होई. भाजलेल्या मातीला आतला दाब सोसत नाही हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते.

दाब सोसणारी काच बनली ती इंग्लंडात, आणि तीही जहाजांसाठी लाकूड वाचवण्याच्या निमित्ताने. १६१५ मध्ये पहिल्या जेम्स राजाने काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. भट्टीवाले दगडी कोळशाकडे वळले, भट्ट्यांची आच वाढली, आणि गडद रंगाची, जाड, मजबूत बाटली तयार होऊ लागली. पोर्तुगालकडून येणारे बूच त्या बाटलीत दाबून बसवले आणि दोऱ्याने बांधले की वायू आत राहू शकत होता. १६६२ मध्ये ख्रिस्तोफर मेरेट या वैद्याने रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात लंडनचे दारूवाले दारूत साखर आणि काकवी घालून ती फेसाळ करतात असे लिहून ठेवले. कोंबुचाच्या बाटलीत आज घातली जाणारी चमचाभर साखर त्याच युक्तीची आहे.

साखर किती, हे कोडे मात्र आणखी पावणेदोनशे वर्षे सुटले नाही. फ्रान्सच्या शँपेन भागात काही वर्षी तळघरांतल्या निम्म्याहून जास्त बाटल्या फुटत. एक फुटली की तिच्या तुकड्यांनी शेजारच्या फुटत आणि रांगच्या रांग जाई. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे चढवून आत उतरत. शालों गावच्या फ्रांस्वा नावाच्या औषधविक्रेत्याने १८३६ मध्ये दारूतली शिल्लक साखर मोजून आणखी किती घालायची याचे गणित मांडले. त्या गणिताचे सार आजही तेच आहे: एका लिटरमध्ये ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली की सुमारे १ वातावरणाइतका दाब तयार होतो. २४ ग्रॅम साखर ६ वातावरणांचा दाब देते, आणि शँपेनची जाडजूड बाटली तेवढ्यासाठीच घडवलेली असते. मोटारीच्या टायरात साधारण दोन वातावरणांची हवा भरतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते. बूच जागेवर राहावे म्हणून १८४४ मध्ये त्यावर तारेची जाळी आली. घरी कोंबुचा करणाऱ्याने पाठ करावे असे एखादे गणित असेल तर ते फ्रांस्वाचे.

हिंदुस्थानात फेसाळ बाटली रुळली ती सोड्याच्या रूपाने. जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये लीड्सला, शेजारच्या बीअरच्या कारखान्यात हौदावर साचणारा वायू पाण्यात मिसळून पाहिला. याकोब श्वेप्पने १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा केला. या पाण्याची पहिली अडचण झाकणाचीच होती. बूच वाळले की आकसते आणि वायू निसटतो. म्हणून विल्यम हॅमिल्टनने अंड्याच्या आकाराची, उभी राहूच न शकणारी बाटली काढली. ती आडवीच ठेवावी लागे, आणि त्यामुळे बूच सतत ओले राही. पलटणी, इस्पितळे, आगगाड्या, क्लब अशा सर्व ठिकाणी सोडा लागू लागला, कारण विहिरीच्या पाण्यापेक्षा बंद बाटलीतल्या पाण्यावर गोऱ्या शिपायाचा भरवसा जास्त होता. औरंगाबादला छावणी होती, हैदराबाद कंटिंजंटची फौज होती, आणि १९०० मध्ये मनमाडहून येणारा निजामाच्या रेल्वेचा छोटा मार्ग शहराला जोडला गेला. काचेसारखा जड आणि नाजूक माल बैलगाडीच्या हेलकाव्यांतून सुटला.

त्या आधीच, १८७२ मध्ये, लंडनच्या हायरम कॉड याने गोटीच्या बाटलीचा हक्क नोंदवला होता. महाराष्ट्रात तिला गोटी सोडा म्हणतात, गोळी सोडाही म्हणतात. तिच्या गळ्यात एक काचेची गोटी आणि ओठाच्या आत रबराची कडी. बाटली उलटी धरून तीत दाबाने सोडा भरतात. मग ती सुलटी करतात, तेव्हा आतला वायू गोटीला वर रेटतो आणि गोटी रबरावर घट्ट बसते. जितका दाब जास्त, तितके झाकण पक्के. बुचाच्या बाबतीत दाब हा शत्रू होता, कॉडने त्यालाच राखणदार केले. झाकणांच्या सगळ्या इतिहासात इतकी सरळ आणि सुंदर कल्पना दुसरी नाही. अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलली की एक नेमका आवाज होतो, सोडा उसळतो, आणि ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्यावर दोन खळगे पाडलेले असतात. त्या बाजूने बाटली कलती केली तर गोटी त्यांत अडते. उलट्या बाजूने केली तर वाट बंद. सोडा पिणे ही एक शिकण्याची गोष्ट होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरे ती शिकली.

मुंबई-पुण्यात हा धंदा पारशी आणि इराणी कुटुंबांनी उभा केला. पुण्याच्या लष्कर भागातले अर्देशीर १८८४ पासूनचे, मुंबईत पांडोळे कुटुंबाचे ड्यूक्स १८८९ पासूनचे. पण गोटी सोड्याचे खरे बळ असे की त्याला मोठा कारखाना लागत नव्हता. वायूची टाकी, हाताने फिरवायचे चाक, बाटल्या अडकवायची पेटी आणि एक-दोन माणसे एवढ्यावर तालुक्याच्या गावातही सोडा निघे. पेय बाटलीबंद करण्याची विद्या गावपातळीवर इतकी सहज पोहोचण्याची ही पहिली वेळ. त्यात बाटली धंदेवाल्याची, गिऱ्हाईक फक्त आतला सोडा विकत घेई आणि बाटली जागेवर परत देई. मुले गोटीसाठी बाटल्या फोडत, त्याचा तोटा दुकानदाराला सोसावा लागे. दंगलीत याच बाटल्या हत्यार म्हणून फेकल्या जात, आणि आतला दाब तुकडे दूरवर उडवत असे.

आधी या बाटल्या विलायतेहून येत. लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने चाललेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला, ते स्वदेशी काचेच्या याच ओढीतून. गोटीची बाटली ओतणे मात्र अवघड काम. गोटी गळ्यात सोडून मग ओठ घडवावा लागतो. ती विद्या आज देशात उत्तर प्रदेशातल्या सासनी गावाने टिकवून धरली आहे.

गोटीचा एक दोष सुटला नाही. गळा अरुंद, आत गोटी अडकलेली, त्यामुळे बाटली आतून घासता येत नाही. साखर आणि फळांचे रस आले तसा हा दोष जास्त खुपू लागला. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरला १८९२ मध्ये पत्र्याच्या दातेरी झाकणाचा हक्क मिळाला. बाटलीच्या ओठावर पातळ पत्र्याची चकती, आत मऊ अस्तर, आणि भोवतीचे दाते दाबून आत वळवलेले. सुरुवातीला दाते २४ होते, नंतर २१ वर स्थिरावले. हे झाकण पैशाला पासरी, एकदाच वापरायचे, पण त्याला एक अट होती: प्रत्येक बाटलीचा ओठ हुबेहूब सारखा हवा. फुंकून केलेल्या बाटलीत ते जमत नव्हते. १९०३ मध्ये मायकेल ओवेन्सच्या स्वयंचलित यंत्राने सारख्या मापाच्या बाटल्या पाडायला सुरुवात केली, आणि मग पत्र्याच्या झाकणाला जगभर कोणी प्रतिस्पर्धी उरला नाही.

हे झाकण औरंगाबादला लाखोंच्या संख्येने आले ते पाण्याच्या मागोमाग. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली होती. शहराभोवती तिच्या वसाहती उभ्या राहिल्या: चिकलठाणा आधी, मग वाळूज, मग शेंद्रा. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि औद्योगिक शहर म्हणून औरंगाबादचे नाव झाले. बीअरवाल्यांना जमीन, मागास भागासाठीच्या सवलती, मुंबई-पुणे-नाशिकच्या बाजारापर्यंतचा रस्ता आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाथसागराचे, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचे, पाणी एकाच ठिकाणी मिळाले. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फॉस्टर्सने इथे बीअर गाळायला सुरुवात केली. २००६ मध्ये तो धंदा सॅबमिलरकडे गेला, आणि २०१६ मध्ये सॅबमिलरच एबी इनबेवमध्ये विलीन झाली. त्याच २००६ मध्ये सिंगापूरच्या एशिया पॅसिफिक ब्रुअरीजने औरंगाबाद ब्रुअरीजमध्ये मोठा हिस्सा घेतला. युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्गही आले. देशाची बीअर राजधानी हे बिरुद शहराला चिकटले ते या वर्षांत.

बीअरच्या कारखान्यात बाटली भरणे हा गाळण्याइतकाच मोठा विभाग असतो. आपल्याकडे बाटल्या बहुतांशी फिरून येतात. कचरा वेचणाऱ्या बायका, भंगारवाले, गोदामवाले, मग पोत्यांतून किंवा क्रेटमधून कारखाना. तिथे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात त्या भिजतात, लेबले गळतात, खंगाळल्या जातात, आणि कॅमेऱ्यापुढून सरकताना तडा गेलेली, टवका उडालेली बाटली बाजूला काढली जाते. भरण्याआधी बाटलीतली हवा ओढून घेऊन कार्बन डायऑक्साइड भरतात आणि बीअर त्या दाबाखालीच शांतपणे उतरवतात. झाकण बसण्याच्या क्षणभर आधी गरम पाण्याचा बारीक फवारा मारून फेस वर आणतात, म्हणजे गळ्यात उरलेली हवा हाकलली जाते. मग झाकण. दाबल्यावर त्याचा व्यास २८.६ ते २८.९ मिलिमीटरमध्ये यायला हवा. त्याहून जास्त राहिला तर वायू गळतो, कमी झाला तर ओठावर ताण येतो. कामगार कडीसारखे माप झाकणावर घालून हे तपासत राहतात.

शेवटी सुमारे ६० अंशांच्या पाण्याच्या फवाऱ्याखालून बाटल्या जातात. लुई पाश्चरने बीअरवरचा आपला ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध केला, त्या शोधाचे हे रोजचे रूप. उष्णतेने यीस्ट मरते. त्याच वेळी आतला दाब सर्वांत जास्त चढतो, आणि कमजोर बाटली फुटायची असेल तर तिथेच, कारखान्यात, फुटते. बाहेर पडलेली बाटली त्यानंतर महिनोन्‌महिने तशीच राहते, कारण आत वायू वाढवणारे काही जिवंत नसते.

या उद्योगाची किंमत २०१६ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना दिसली. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते. एक लिटर बीअरसाठी साधारण चार-पाच लिटर पाणी लागते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिलअखेर मद्य कारखान्यांचे पाणी आधी ५० टक्के आणि १० मेपासून ६० टक्के कापण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांची कपात त्याहून बरीच कमी होती. माणसे आणि जनावरे तहानलेली असताना पाणी बाटलीत कोंडून बाहेर पाठवायचे का, हा प्रश्न न्यायालयाने योग्यच विचारात घेतला, आणि पुढच्या प्रत्येक दुष्काळात तो विचारायलाच हवा.

कोंबुचा या सगळ्या घडामोडींत उशिरा आला. त्याचा उगम ईशान्य चीनच्या बाजूचा मानतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात तो घरोघरी होता. अमेरिकेत १९९० च्या दशकात तो बाटलीतून दुकानात आला. मुंबई-पुण्यात गेल्या दहा-बारा वर्षांत छोट्या उत्पादकांनी तो विकायला घेतला, आणि मूळ चकती मित्रमैत्रिणींत विरजणासारखी हातोहात फिरत मराठवाड्यातल्या घरांतही पोहोचली.

त्याच्या झाकणाचा मोठा वाद २०१० मध्ये अमेरिकेत झाला. त्या वर्षी जूनमध्ये होल फूड्स या मोठ्या दुकानसाखळीने कोंबुचाच्या बाटल्या फळ्यांवरून काढून घेतल्या. कारखान्यातून निघताना अर्ध्या टक्क्याच्या आत असलेले अल्कोहोल दुकानात पडून असताना वाढत होते. कारण झाकणातच आहे. उघड्या बरणीत यीस्ट अल्कोहोल करते आणि जिवाणू हवेच्या मदतीने त्याचे आम्लात रूपांतर करतात. बाटली बंद झाली की हवा संपते, जिवाणू थबकतात, यीस्ट मात्र काम करत राहते. वायू वाढतो आणि त्याच्यासोबत अल्कोहोलही. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांतही अर्धा टक्का हीच सीमारेषा आहे, त्याच्यावर गेलेले पेय मद्यपेय ठरते. आणि १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यातली ‘लिकर’ची व्याख्या तर अल्कोहोल असलेल्या सगळ्या द्रवांना कवेत घेते. त्या व्याख्येतून औषधे आणि प्रसाधने सोडवायला १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बाळसारा खटल्यात निर्णय द्यावा लागला होता. घरच्यापुरता कोंबुचा करणाऱ्याने घाबरावे असे यात नाही, पण विकायचा विचार असेल तर आधी प्रयोगशाळेत अल्कोहोल मोजून घेणे हे कर्तव्य आहे.

आता पुन्हा बाटलीकडे. गोटीची बाटली घरी चालत नाही, कारण ती भरायला दाबाचे यंत्र लागते आणि फळाचा चोथा गोटीमागे अडकतो. पत्र्याचे झाकण चालते, त्यासाठी हाताने दाबायचे छोटे यंत्र मिळते, पण एकदा बसवल्यावर थोडा वायू सोडून पुन्हा बंद करता येत नाही. घरगुती कामाला सर्वांत योग्य ठरली आहे ती तारेच्या कळीची बाटली. चार्ल्स द क्विलफेल्ट याने १८७५ मध्ये अमेरिकेत तिचा हक्क नोंदवला. चिनी मातीचे बूच, रबराची कडी, आणि ते दाबून धरणारी तारेची कळ. कडी पुन्हा पुन्हा वापरता येते आणि चिरली की बदलता येते. फक्त ती बाटली दाबाच्या पेयासाठी घडवलेली हवी. दिसायला तशीच, पण तेल किंवा सरबतासाठी केलेली पातळ आणि चौकोनी बाटली बाजारात सर्रास मिळते. चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि ती तिथूनच फुटते.

फ्रांस्वाचे गणित इथल्या उन्हाळ्याला लावून पाहावे. पाऊण लिटरच्या बाटलीत दोन चमचे साखर घातली तर ती सगळी आंबल्यावर सुमारे तीन वातावरणांचा दाब येतो, आणि बाटली भरताना चहात उरलेली साखर त्यात आणखी भर घालते. शिवाय फ्रिजमध्ये बाटलीत जो दाब असतो तो चाळीस अंशांच्या खोलीत दुपटीहून अधिक होतो, कारण उष्ण पाण्यात वायू विरघळून राहत नाही. लाख किंवा मेण लावून बाटली पक्की होते हा समज सोडून द्यावा. त्याने बाटली नीटस दिसते, दाब धरायला त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून घरी हे करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. भंगारातली, ओरखडे पडलेली बाटली वापरू नका, काचेवरचा प्रत्येक ओरखडा तिची ताकद कमी करतो. गळ्यात तीन-चार सेंटिमीटर जागा रिकामी सोडा. प्रत्येक खेपेतली एक बाटली मुद्दाम प्लास्टिकची, सोड्याची, भरा. ती दाबून कडक लागली की बाकीच्या सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये गेल्याच पाहिजेत. उन्हाळ्यात ती कडक व्हायला एक-दीड दिवसही पुरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ हात लावून पाहा. बाटलीवर भरल्याची तारीख लिहा, ती लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि उघडताना तिच्यावर जाड फडके धरून, तोंड स्वतःपासून दूर करूनच उघडा.